लाफायेतचा खरा गुन्हा

फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय आपल्याकडे निघाला की मार्की द लाफायेत या माणसाचा निकाल दोन-चार वाक्यांत लागतो. जहाल पक्षाचे लोक म्हणतात, जन्माने सरदार होता आणि वेळ आली तेव्हा सरदारासारखाच वागला. पॅरिसमधल्या शां-द-मार्सच्या मैदानात नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या आणि वर्षभरात सैन्य सोडून शत्रूच्या मुलखात निघून गेला. परंपरेचे अभिमानी म्हणतात, ज्या राजाचे मीठ खाल्ले त्याच्याच मुळावर उठला, आग लावली आणि मग ती त्याला विझवता येईना. दोन्ही बाजूंचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते: मधल्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याची क्रांतीत हीच गत होते, आणि त्याची तीच लायकी असते. हे शेवटचे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही.

मला ते साफ चुकीचे वाटते. लाफायेत मवाळ होता हा त्याचा गुन्हा नव्हता. त्याचा खरा गुन्हा जून १७९१ मधला आहे, आणि तो असत्याचा आहे: राजा पळून गेला हे सगळ्या देशाने पाहिले असताना ‘त्याला पळवून नेले’ असे त्याने म्हटले, आणि त्या खोट्यावर संविधान उभे करायला मदत केली. दुसरीकडे, ज्या गोष्टीला त्याचा दुबळेपणा म्हणतात, म्हणजे हाताशी फौज आणि लोकप्रियता असताना त्याने राज्य बळकावले नाही, तीच त्याची सर्वांत मोठी कामगिरी आहे. मवाळपणा आणि खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळे हा सगळा वाद भरकटला आहे.

आधी ‘सरदार तो सरदारच’ हा मुद्दा घेऊ. त्याचा जन्म १७५७ चा, ओव्हेर्न्यमधल्या शाव्हान्याक गावच्या गढीतला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा मिंडेनच्या लढाईत बाप मारला गेला. तेराव्या वर्षाच्या आत आई आणि आजोबा गेले आणि प्रचंड मालमत्ता पोराच्या हाती आली. सोळाव्या वर्षी नोआय घराण्यातल्या आद्रियेनशी लग्न झाले. व्हर्सायच्या दरबारात या घराण्याचा शब्द चालत असे. जन्मभर काही न करता सुखाने जगावे अशी सारी व्यवस्था होती. ती सोडून एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा स्वत:च्या पैशाने जहाज विकत घेतो, राजाची मनाई धुडकावून अमेरिकेला जातो, सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रँडीवाइनला पायात गोळी खातो आणि १७८१ मध्ये व्हर्जिनियात कॉर्नवॉलिसला झुलवत ठेवून यॉर्कटाउनच्या वेढ्यापर्यंत आणण्यात वाटा उचलतो. (आपल्या इतिहासात येणारा कॉर्नवॉलिस तो हाच. यॉर्कटाउननंतर पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून उपासमारीने खचलेली फौज घेऊन तो माघारी फिरला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजांनी त्याला सावरले. त्यानंतर महिनाभरातच इकडे पॅरिसमध्ये लाफायेतच्या कसोटीचा काळ सुरू झाला.)

११ जुलै १७८९ ला, म्हणजे बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडण्याच्या तीन दिवस आधी, राष्ट्रीय सभेत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा मांडला तो याच माणसाने. तेव्हा पॅरिसभोवती राजाच्या पलटणी गोळा होत होत्या आणि सभा उधळली जाण्याची भीती खरी होती. पुढच्याच वर्षी वंशपरंपरागत पदव्या रद्द करण्याच्या ठरावाला त्याने पाठिंबा दिला आणि स्वत:ची मार्की ही पदवी कायमची टाकली. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडण्याचा प्रस्ताव पहिल्यांदा मांडणारा व्हिकोंत द नोआय हा त्याचा मेहुणा. तेव्हा जन्मच सगळे ठरवतो असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे: राजाचा धाकटा भाऊ बास्तीय पडताच देश सोडून पळाला आणि लाफायेत पॅरिसच्या नागरिक-सैन्याचा सेनापती झाला, हा फरक कोणत्या रक्तातून आला? माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवायची ही तर जुन्या राजवटीची रीत. ती मोडायला निघालेल्यांच्या कैवाऱ्यांनी तीच मोजपट्टी हातात घ्यावी, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

तरीही या आक्षेपात जेवढे खरे आहे तेवढे कबूल केलेच पाहिजे. त्याचे नॅशनल गार्ड, म्हणजे हेच नागरिक-सैन्य, सगळ्यांचे नव्हते. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर न भरणारा माणूस ‘निष्क्रिय नागरिक’ ठरवला गेला. त्याला ना मत होते, ना गार्डमध्ये जागा. गणवेशही ज्याने त्याने पदरचा करायचा होता. मालमत्ता असलेल्यांच्या हाती बंदूक आणि नसलेल्यांच्या हाती अर्ज, अशी ही मांडणी होती आणि तिचे फळ पुढे दिसले. गुलामगिरीच्या बाबतीतही तसेच. त्याने १७८५ च्या सुमारास कायेन या दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीत मळे विकत घेतले ते गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करून दाखवण्यासाठी. कामाची मजुरी द्यायची, माणसे विकायची नाहीत, शिक्षण द्यायचे, असा तो प्रयोग होता आणि त्याचा बराचसा भार आद्रियेनने वाहिला. हेतू चांगला होता. पण सुटका टप्प्याटप्प्याने करायची म्हटले की दरम्यान माणूस कोणाच्या तरी मालकीचाच राहतो. १७९२ मध्ये लाफायेतची मालमत्ता जप्त झाली, तेव्हा त्या मळ्यांवरची माणसेही जप्त मालमत्तेत मोजली गेली आणि विकली गेली. ज्यांना पुढे स्वातंत्र्य मिळणार होते त्यांच्या हाती त्या दिवशी काहीही नव्हते. मवाळ मार्गावरचा हा सर्वांत जड आक्षेप आहे आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही.

आता जून १७९१. २० तारखेच्या रात्री सोळावा लुई बायकामुलांसह तुईलरी राजवाड्यातून निसटला. राजवाड्यावर पहारा लाफायेतच्या गार्डचा होता आणि राजा जाणार नाही अशी हमी त्याने स्वत: दिली होती. सकाळी बातमी फुटली तेव्हा संतापलेल्या शहरातून तो फिरला, कारण त्याच्या अंगी धैर्य होते. याबद्दल त्याच्या शत्रूंनीही कधी शंका घेतली नाही. पण राजाला रोखण्याचा जो हुकूम त्याने काढला त्यात लिहिले होते की क्रांतीच्या शत्रूंनी राजाला पळवून नेले आहे. राजाने तर मागे स्वत:च्या हाताने लिहिलेले निवेदन ठेवले होते. ऑक्टोबर १७८९ पासून आपण जे मान्य केले ते दबावाखाली, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सीमेकडे जाताना व्हारेन या गावी तो पकडला गेला, परत आणला गेला आणि सभेने अपहरणाची गोष्ट उचलून धरली. १५ जुलैला राजा निर्दोष ठरला.

या निर्णयामागे कारणे होती, आणि ती क्षुल्लक नव्हती. दोन वर्षे खपून तयार केलेले संविधान पुरे होत आले होते. त्यात राजा होता. राजा काढला तर सगळा आराखडा कोसळणार. राणी ऑस्ट्रियाच्या सम्राटाची बहीण, तेव्हा युद्धाची भीती होती. अडीच कोटींहून अधिक लोकवस्तीच्या देशात प्रजासत्ताक चालेल असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते. खुद्द रोबेस्पिएरही त्या महिन्यात प्रजासत्ताकाची मागणी करत नव्हता आणि जॅकोबिन क्लब या जहालांच्या मंडळाने राजाविरुद्धचा आपला अर्ज ऐनवेळी मागे घेतला होता. मग एकट्या लाफायेतला दोष का द्यायचा?

द्यायचा, कारण दुसरी वाट होती आणि ती त्याचेच स्नेही दाखवत होते. टॉमस पेन, ज्याच्यामार्फत लाफायेतने बास्तीयची किल्ली वॉशिंग्टनला पाठवली, त्याने १ जुलैला पॅरिसच्या भिंतींवर राजाविना राज्याची मागणी करणारे पत्रक लावले. कोंदोर्से, तोही मार्कीच, उघडपणे प्रजासत्ताकाच्या बाजूने बोलला. हे कोणी गिलोटिनचे भक्त नव्हते. राजाने आपला करार मोडला आहे, हे मान्य करून पुढे काय करायचे ते देशाने ठरवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. लाफायेतनेही फक्त खरे काय घडले ते सभेपुढे ठेवले असते आणि त्यानंतर राजाला गादीवर ठेवावे असे मत दिले असते, तरी मी त्याला मवाळ म्हटले असते आणि त्याचा बचाव केला असता. तडजोड हा राजकारणाचा धर्म आहे. पण तडजोड करणाऱ्या दोघांनाही आपण कशावर तडजोड करतो आहोत हे ठाऊक असावे लागते. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट घडलीच नाही असे सांगून केलेली तडजोड टिकणार कशी?

ती टिकली नाही. दोन दिवससुद्धा टिकली नाही. १७ जुलैला शां-द-मार्सवर लोक अर्जावर सह्या करायला जमले. सकाळी वेदीखाली लपलेले दोघे सापडले आणि जमावाने त्यांना ठार केले, हे खरे. त्यावरून महापौर बैयीने लष्करी कायदा पुकारला, लाल निशाण फडकवले आणि संध्याकाळी गार्ड मैदानात आले. दगड आले, गोळीबार झाला. मेलेल्यांचे आकडे डझनापासून पन्नासपर्यंत सांगितले जातात. लाफायेतच्या बाजूने बोलणारे म्हणतात की खून पडले होते, कायदा सभेनेच केलेला होता, कार्यपद्धती बहुतांशी पाळली गेली. हे सगळे धरून चालू. तरी खुनी सकाळचे होते आणि गोळ्या संध्याकाळच्या गर्दीने खाल्ल्या. त्या गर्दीतले हजारो लोक बायकापोरांसह आले होते. ते काय विचारत होते? पळून गेलेल्या राजाला पुन्हा गादीवर बसवताना आम्हाला का विचारले नाही? या प्रश्नाला देण्याजोगे प्रामाणिक उत्तर सरकारकडे नव्हते, कारण उत्तर दिले तर अपहरणाची गोष्ट फुटत होती. उत्तर नसलेल्या सरकारने मग निशाण काढले. या गोळीबाराचे मूळ मवाळपणात शोधणाऱ्यांनी चार आठवडे मागे जाऊन तो हुकूम वाचावा. वर्षापूर्वी, १४ जुलै १७९० ला, याच मैदानात याच माणसाने देशाच्या वतीने शपथ घेतली होती आणि लाखो लोकांनी जयघोष केला होता. त्या विश्वासाची राख झाली ती खोट्यामुळे. बैयीला त्याची किंमत नोव्हेंबर १७९३ मध्ये द्यावी लागली. गिलोटिनखाली नेण्यापूर्वी त्याच्यासमोर ते लाल निशाण जाळण्यात आले.

१७९२ चे आरोप मात्र मला इतके जड वाटत नाहीत, जरी वादात सर्वांत मोठ्याने तेच मांडले जातात. तेव्हा युद्ध सुरू झाले होते आणि तो सीमेवरच्या सैन्याचा सेनापती होता. जूनमध्ये त्याने छावणीतून सभेला पत्र लिहून जॅकोबिनांवर हल्ला चढवला आणि २८ तारखेला, जमावाने तुईलरीत घुसून राजाला धमकावल्यानंतर आठच दिवसांनी, तो स्वत: सभेपुढे उभा राहिला. लढाई चालू असताना सेनापतीने राजधानीत येऊन लोकप्रतिनिधींना सुनवावे हे वाईटच. मी त्याचे समर्थन करत नाही. पण तो एकटा आला. पलटणी सीमेवर ठेवून आला. बोलला, ऐकून घेतले आणि दोन दिवसांत परत गेला. ८ ऑगस्टला त्याच्यावर खटला भरण्याचा ठराव सभेने ४०६ विरुद्ध २२४ मतांनी फेटाळला. ज्याला लष्करी उठाव करायचा असतो तो असा येतो का? एकीकडून त्याला हुकूमशहा व्हायला निघालेला म्हणायचे, दुसरीकडून फौज न आणल्याबद्दल भित्रा म्हणायचे, हे दोन्ही एकदम खरे असू शकत नाही.

१० ऑगस्टला राजवाडा पडला. लाफायेतने सेदानला सभेचे प्रतिनिधी अटकेत टाकले, सैनिकांना राजाच्या आणि संविधानाच्या नावाने शपथ घ्यायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. १९ तारखेला थोड्या अधिकाऱ्यांना घेऊन तो सीमा ओलांडून गेला. प्रतिनिधींना कैद करणे हे त्याचे चुकलेच. पण ‘फितुरी’ हा शब्द वापरताना शेजारी द्युमुरिए या दुसऱ्या फ्रेंच सेनापतीला उभे करून पाहा. त्याने एप्रिल १७९३ मध्ये युद्धमंत्र्याला आणि चार प्रतिनिधींना धरून ऑस्ट्रियनांच्या हवाली केले, सैन्य पॅरिसवर वळवू पाहिले आणि ते जमले नाही तेव्हा शत्रूला जाऊन मिळाला. लाफायेतने किल्ला दिला नाही, नकाशा दिला नाही, शत्रूची चाकरी पत्करली नाही. त्याने मागे ठेवलेले सैन्य महिनाभरात व्हाल्मीच्या मोहिमेत उतरले. आणि मागे राहून प्रजासत्ताकाची इमाने चाकरी करणाऱ्या सरदार सेनापतींचे काय झाले? क्युस्तीन ऑगस्ट १७९३ मध्ये गिलोटिनवर गेला, बिराँ त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बोआर्ने जुलै १७९४ मध्ये. राहिला असता तर निष्ठा सिद्ध झाली असती, हे म्हणणे त्यांच्या मरणाची तारीख न पाहता केलेले आहे.

पलीकडे त्याचे स्वागत कसे झाले तेही पाहण्याजोगे आहे. पॅरिसने ज्याला राजाचा हस्तक ठरवले त्याला युरोपच्या राजांनी क्रांतीचा जनक म्हणून पाच वर्षे तुरुंगात ठेवले: वेझेल, माग्देबुर्ग, नाइसे आणि शेवटी ऑस्ट्रियाच्या ताब्यातले ओल्म्युट्झ. एकदा सुटण्याचा प्रयत्न फसला. २२ जुलै १७९४ ला आद्रियेनची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी गिलोटिनवर गेल्या. ती स्वत: वाचली, सुटल्यावर दोन्ही मुलींना घेऊन ओल्म्युट्झला पोचली आणि नवऱ्याबरोबर कोठडीत राहण्याची परवानगी तिने सम्राटाकडून मिळवली. त्या कोठडीत तिची प्रकृती ढासळली ती कायमची. १८०७ मध्ये ती गेली. लाफायेतच्या चरित्राची चर्चा करताना या बाईचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो याचे मला दु:ख होते. राजांच्या दरबारात माफीचा शब्द टाकून सुटता आले असते, आणि तो शब्द त्या दोघांनीही टाकला नाही.

आता मूळ मुद्दा. क्रांतीत सैन्य हाताशी असलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा ठेवायची? इंग्लंडमध्ये फेअरफॅक्स हा संसदेचा सेनापती होता. राजाच्या खटल्यापासून तो बाजूला राहिला, स्कॉटलंडवर चाल करायला नकार देऊन १६५० मध्ये पद सोडून घरी गेला, आणि मोकळी झालेली जागा क्रॉमवेलने घेतली. फ्रान्समध्ये लाफायेत गेला आणि सात वर्षांनी नेपोलियन बोनापार्टने संगिनींच्या जोरावर सभागृह रिकामे केले. यावरून कोणी म्हणेल की सभ्य माणसाने बळकावले नाही तर असभ्य माणूस बळकावतो, मग सभ्य माणसाच्या संयमाचा उपयोग काय? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पण त्यातून निघणारा सल्ला काय आहे? लाफायेतने १७९० मध्येच, लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, राज्य हाती घ्यावे? तसे झाले असते तर सेनापतीने देश ताब्यात घेण्याचा पायंडा नऊ वर्षे आधी, तोही हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडणाऱ्या हाताने पडला असता. बोनापार्टला मग विरोध करायला कोण उरले असते, आणि कोणत्या तोंडाने?

लाफायेत विरोध करू शकला. ओल्म्युट्झमधून त्याची सुटका १७९७ मध्ये झाली ती बोनापार्टच्या विजयांमुळे आणि वाटाघाटींमुळे. उपकार मोठा होता आणि तो त्याने जाहीरपणे मानला. तरी १८०२ मध्ये बोनापार्टला तहहयात कॉन्सल, म्हणजे राज्यप्रमुख, करण्याच्या मतदानात त्याने विरोधी मत दिले. सेनेटमधली जागा नाकारली. वॉटर्लूनंतर जून १८१५ मध्ये सभागृहात उभे राहून सम्राटाने पायउतार व्हावे यासाठी त्याने पुढाकार घेतला. सम्राटाचा भाऊ राष्ट्राला कृतघ्न म्हणाला, तेव्हा आफ्रिकेच्या वाळूपासून रशियाच्या बर्फापर्यंत पडलेल्या फ्रेंच माणसांची हाडे त्याने सभेला आठवून दिली. हे बोलण्याचा अधिकार ज्याने कधी फौज घेऊन सभागृहात पाऊल टाकले नव्हते त्यालाच होता.

१८३० विषयी माझा त्याच्यावर राग आहे, आणि तो मी लपवत नाही. राजा दहावा चार्ल्स याला घालवणाऱ्या जुलैच्या तीन दिवसांच्या लढाईनंतर बहात्तर वर्षांचा लाफायेत पुन्हा नॅशनल गार्डचा प्रमुख होता आणि प्रजासत्ताकाचा अध्यक्ष हो असे तरुण त्याला सांगत होते. त्याने नगरभवनाच्या सज्जात तिरंगी निशाण हाती घेऊन नवा राजा म्हणून लुई फिलिपला लोकांपुढे उभे केले, आणि बॅरिकेडवर मेलेल्यांच्या रक्ताचे फळ सावकारांच्या आणि पेढीवाल्यांच्या पदरात पडले. हे त्याला दिसायला हवे होते. काही महिन्यांत दिसलेही.

पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात जे घडले ते या वादात कोणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा युक्तिवाद तिथे पणाला लागतो. पदच्युत राजाच्या चार मंत्र्यांवर लक्झेंबर्ग राजवाड्यात खटला चालू होता. बाहेर प्रचंड जमाव होता, त्याला त्यांची डोकी हवी होती, आणि गार्डमधल्या अनेकांनाही तेच हवे होते. लाफायेत स्वत: फाशीच्या शिक्षेच्या विरुद्ध होता. त्याने ते लपवले नाही. न्यायालय जो निकाल देईल तो पाळला जाईल असे बजावले आणि गार्ड राजवाड्याभोवती उभे केले. मंत्र्यांनी काही केलेच नाही असे त्याने एकदाही म्हटले नाही. ते दोषी ठरले, त्यांना जन्मठेप झाली, शहरात दंगलीची लाट आली आणि ओसरली. शां-द-मार्सचे रक्त पुन्हा सांडले नाही. शहर तेच होते, गार्ड तेच होते, सेनापती तोच होता आणि तितकाच मवाळ होता. फक्त या वेळी लोकांना सांगितलेली गोष्ट खरी होती. निकालानंतर काही दिवसांतच सभागृहाने त्याचे सरसेनापतिपद कायद्याने रद्द करायचे ठरवले. हाताशी हजारो सशस्त्र नागरिक असताना त्याने राजीनामा लिहून दिला आणि तो सभागृहातल्या आपल्या बाकावर जाऊन बसला.